तिबेटी लोकरी गालिचा आणि सम्यक आजीविका



वर्षावासात विहारात ग्रंथवाचन व धम्मप्रवचने सुरू झाली की दरवर्षी एक साधाच प्रश्न पुढे येतो. पावसाळ्यात फरशी गार पडते, ओल धरते आणि वयस्कर उपासक-उपासिकांना खाली फार वेळ बसवत नाही. मागे अशाच एका बैठकीत विहारासाठी लोकरी गालिचा घ्यावा असे ठरले. एका व्यापाऱ्याने "तिबेटी आहे, हाताने विणलेला आहे" असे सांगून एक गालिचा आणून पसरला. रंग झकास होता आणि भाव फारच कमी होता. मंडळी खूश झाली. तेवढ्यात मागे बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने विचारले, "बाबू, स्वस्त हाये ते खरं, पन हे इनलं कोनं?"

व्यापाऱ्याला उत्तर देता आले नाही. कोणीतरी गालिच्याचे टोक उलटून पाहिले तेव्हा मागे डिंकाने चिकटवलेले जाड कापड दिसले. तो गालिचा विणलेला नव्हताच. त्या दिवशी खरेदी राहिली. परंतु आजींचा प्रश्न आमच्या अभ्यासवर्गात पुढे बरेच दिवस चालला. वस्तू कोणी केली, कोणत्या परिस्थितीत केली आणि त्याला काय मिळाले, हे विचारणे ही केवळ ग्राहकाची चौकशी आहे की धम्माचरणाचा भाग आहे? या लेखात त्या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

१. पाच वर्ज्य व्यापार आणि त्यापुढे

आर्य अष्टांगिक मार्गाचे पाचवे अंग म्हणजे सम्यक आजीविका. अंगुत्तर निकायात उपासकाने न करावयाचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. आपण बहुधा ही यादी पाठ करतो आणि थांबतो. मी यांपैकी काहीच विकत नाही, तेव्हा माझी आजीविका सम्यक आहे, असे समाधान करून घेतो.

गालिच्याचा धंदा या पाचांपैकी कोणत्याही व्यापारात सरळ बसत नाही. तरीही तो फार निर्मळ असू शकतो आणि फार क्रूरही असू शकतो. एकाच प्रकारची लोकर, एकाच प्रकारचा माग, तीच नक्षी. पण एका ठिकाणी विणणारी बाई स्वाभिमानाने संसार चालवते आणि दुसऱ्या ठिकाणी नऊ वर्षांचे मूल अंधाऱ्या खोलीत आईबापांनी घेतलेली उचल फेडत बसते. म्हणून सम्यक आजीविका समजून घेण्यासाठी गालिचा हे चांगले उदाहरण आहे.

२. विनयात आलेली लोकर

आपल्यापैकी अनेकांना हे माहीत नसेल की लोकरीच्या आसनाविषयी खुद्द विनयपिटकात नियम आहेत. त्या काळी भिक्खू ‘संथत’ नावाचे आसन वापरीत. ते मागावर विणलेले नसे. लोकर पसरून, दाबून केलेले जाड आसन असे. आपल्याकडे कोल्हापूर भागात लोकर न विणता दाबून ‘जेन’ करतात, त्याच जातीची ही वस्तू समजावी.

पहिला नियम रेशमाविषयी आहे. काही भिक्खू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि आसनात घालण्यासाठी रेशीम मागू लागले. ते कारागीर म्हणाले, आम्ही पोटासाठी एवढे किडे मारतो हे आमचेच दुर्दैव, आणि हे श्रमणही आमच्याकडून तेच करवून घेतात! तेव्हा रेशीम मिसळलेले आसन वर्ज्य झाले. म्हणजे वस्तू वापरणारा स्वतः हिंसा करीत नसला, तरी त्याच्या मागणीतून हिंसा होत असेल तर तो जबाबदार ठरतो, हे तत्त्व अडीच हजार वर्षांपूर्वी मांडले गेले.

दुसरा नियम असा की एकदा केलेले आसन किमान सहा वर्षे वापरावे. आजारपणासारख्या कारणाने संघाची अनुमती असेल तरच आधी नवे करावे. तिसरा असा की बसण्याचे नवे आसन करताना जुन्या आसनाचा एक वीतभर तुकडा त्यात घालावा.

चौथा नियम सर्वांत विचार करण्यासारखा आहे. कपिलवस्तूच्या निग्रोधारामात महाप्रजापती गौतमी तथागतांकडे आल्या. भिक्खुणी उत्साहाने साधना करीत आहेत ना, असे तथागतांनी विचारले. गौतमींनी सांगितले की त्यांना साधनेला वेळ कोठून मिळणार? काही भिक्खू त्यांच्याकडून लोकर धुवून, रंगवून आणि पिंजून घेतात. त्यात त्यांचे अध्ययन व ध्यान सुटते. तथागतांनी त्या भिक्खूंची कानउघाडणी केली आणि नातेसंबंध नसलेल्या भिक्खुणीकडून लोकर धुवून, रंगवून वा पिंजून घेऊ नये असा नियम केला.

वाचकहो, येथे नीट लक्ष द्यावे. लोकर धुणे, रंगवणे आणि पिंजणे ही गालिच्याच्या धंद्यातील कामे आजही तीच आहेत, आणि आजही ती बहुधा स्त्रियांकडे व मुलांकडे येतात. तथागतांनी लोकरीला दोष दिला नाही, कामालाही दिला नाही. या कामापायी कोणाचे शिकणे थांबले, एवढेच पाहिले. आमच्या मते हातमागाच्या प्रत्येक वस्तूला लावावयाची हीच खरी कसोटी होय.

३. तिबेटी गालिचा म्हणजे काय?

तिबेट हा उंच आणि थंड पठारी प्रदेश. तेथे गालिचा ही श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा नव्हती. बसण्याची, झोपण्याची आणि घोड्याच्या पाठीवर घालण्याची ती रोजची गरज होती. झोपण्याच्या गालिच्याला ‘खादेन’ म्हणतात. त्याचे माप साधारण तीन फूट रुंद व सहा फूट लांब असते. खोगिराखाली घालण्याचे लहान गालिचे वेगळे, आणि विहारात भिक्खूंना ओळीने बसण्यासाठी केलेल्या लांब पट्ट्या वेगळ्या. ग्यान्त्से हे गाव या कामासाठी प्रसिद्ध होते. कमळ, हिमसिंह, ड्रॅगन, ढग, वाघाच्या कातड्यासारखे पट्टे ही नेहमीची नक्षी.

इराणी पद्धतीच्या गालिच्यात प्रत्येक गाठ वेगळी मारून लगेच कापतात. तिबेटी पद्धत निराळी आहे. माग उभा असतो. ताण्याच्या उभ्या धाग्यांसमोर एक सळई आडवी धरतात. लोकरीचा धागा ताण्याच्या जोडीमागून घेऊन त्या सळईवरून फिरवतात, पुन्हा पुढच्या जोडीमागे नेतात. अशी पूर्ण ओळ फाशांनी भरली की सळईवर ठोकून ती बसवतात आणि सळईच्या कडेने सुरी फिरवून सगळे फासे एकदम कापतात. सळई मोकळी होते आणि लोकरीची एक ओळ उभी राहते. मग आडवा धागा घालून फणीने ठोकतात आणि पुढची ओळ सुरू होते. नक्षीत रंग बदलावयाचा असेल तेथे धागा बदलतात. गालिचा उतरल्यावर तो धुणे, ताणून वाळवणे आणि कात्रीने नक्षीच्या कडा कोरून काढणे ही शेवटची कामे. नक्षी उठून दिसते ती या कात्रीच्या कामामुळे.

४. निर्वासितांच्या हाती आलेली कला

मार्च १९५९ मध्ये ल्हासामध्ये उठाव झाला. दलाई लामा त्याच महिन्यात ल्हासा सोडून भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी लोक आले. बहुतेकांजवळ अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हते. उष्ण हवा, अनोळखी भाषा, रस्त्यांच्या कामावरची मजुरी, असे ते पहिले दिवस होते. अशा वेळी हातात होती ती कला कामास आली. ऑक्टोबर १९५९ मध्ये दार्जिलिंगला तिबेटी निर्वासितांचे स्वावलंबन केंद्र सुरू झाले. १९६० नंतर नेपाळात काठमांडूजवळ जावळाखेल येथे रेडक्रॉस व स्विस मदतीने गालिच्याचे केंद्र उभे राहिले. कर्नाटकातील बैलकुप्पे, मुंडगोड अशा वसाहतींतही माग लागले.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक वसाहत आहे, आणि ती विदर्भातच आहे. १९७२ साली नवेगावबांधच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडजवळ ‘नोर्ग्येलिंग’ ही तिबेटी वसाहत वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा झाल्यापासून तो गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात येतो. धानाची शेती, हिवाळ्यात गावोगावी स्वेटरविक्री आणि लोकरी गालिचे विणणे हे तेथील लोकांचे उदरनिर्वाहाचे मार्ग राहिले आहेत. आपल्या वाशीम जिल्ह्यातून नागपूर ओलांडून पुढे जावे लागते, एवढेच अंतर.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिवाळ्यात विदर्भातील शहरांत तिबेटी बांधव जे स्वेटर विकतात, ते बहुतांशी लुधियानासारख्या ठिकाणच्या कारखान्यांतून आणलेले असतात. तो त्यांचा प्रामाणिक व्यापार आहे, पण ती त्यांची हस्तकला नव्हे. ‘तिबेटी माणसाने विकलेले’ आणि ‘तिबेटी पद्धतीने हाताने विणलेले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाने हा फरक ओळखला तरच कलेला तिची किंमत मिळते.

५. लोकरीपासून गालिच्यापर्यंत: कोठे काय तपासावे?

*लोकर.* लोकर जिवंत मेंढीची कातरलेली असते, म्हणून तिच्यासाठी प्राण मारावा लागत नाही. पण कातरताना घाई केली तर मेंढीला जखमा होतात. दुसरे, लोकर देणारी मेंढी शेवटी बहुधा खाटकाकडेच जाते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लोकरीला चांगला भाव मिळाला तर मेंढी अधिक वर्षे कळपात राहण्याला आधार मिळतो, इतके मात्र म्हणता येईल.

*पिंजणे व कातणे.* धुतल्यावर लोकरीतील मळ व चरबी जाते. पिंजताना बारीक तंतू व धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाते. खिडक्या नसलेल्या खोलीत वर्षानुवर्षे हे काम केलेल्या माणसाला खोकला व दमा लागतो. मोकळी हवा आणि तोंडावर कापड हा खर्च फार नाही. पण तो कोणी करावयाचा, हा प्रश्न नेहमी कामगारावर ढकलला जातो. हाताने कातलेले सूत थोडे जाडबारीक असते, त्यामुळे रंग कमी-जास्त चढतो आणि गालिच्यावर रंगाच्या लाटा दिसतात. हा दोष नाही; ती हाताची खूण आहे.

*रंग.* जुन्या काळी नीळ, मंजिष्ठा, अक्रोडाची साल अशा वनस्पतींचे रंग वापरीत. आपल्याकडे हिरडा व डाळिंबाची साल यांचा उपयोग जाणकार अजूनही करतात. रंग पक्का करण्यासाठी तुरटी चालते. मात्र वनस्पतीचा रंग म्हणजे सर्वच निर्मळ आणि कारखान्याचा रंग म्हणजे सर्वच वाईट असे समजू नये. क्रोमचे क्षार वापरले तर वनस्पतीच्या रंगाचे पाणीही विषारी होते. उलट, चांगल्या प्रतीचे कृत्रिम रंग नीट वापरले तर धोका कमी असतो. काही अझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये निघतात हे कळल्यावर जर्मनीने १९९० च्या दशकात त्यांवर बंदी घातली आणि भारतातही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी आली. विचारावयाचा प्रश्न असा: रंगाच्या कढईत हात कोण घालतो, आणि ते पाणी शेवटी कोणाच्या नाल्यात जाते?

*माग.* दिवसभर एका फळीवर बसून, हात वर धरून काम करावे लागते. पाठ, खांदे आणि डोळे यांवर ताण येतो. पुरेसा उजेड, बसण्याची योग्य उंची आणि मधून मधून विश्रांती, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

६. एक हिशोब

विद्यार्थ्यांनी हा हिशोब स्वतः करून पाहावा. तीन फूट बाय सहा फूट गालिच्याचे क्षेत्रफळ १८ चौरस फूट, म्हणजे २,५९२ चौरस इंच. तिबेटी गालिचे सामान्यतः एका चौरस इंचात ६०, ८० किंवा १०० फाशांचे असतात. सर्वांत कमी ६० धरले तरी १,५५,५२० फासे होतात. १०० धरले तर २,५९,२०० होतात.

समजा, एक विणकर स्त्री मिनिटाला १० फासे घालते आणि दिवसाला ८ तास काम करते. ६० फाशांच्या गालिच्याला तिला १५,५५२ मिनिटे, म्हणजे सुमारे २५९ तास लागतील. दिवस झाले ३२ हून थोडे अधिक. रोजची मजुरी ५०० रुपये धरली तर नुसत्या विणण्याचे १६,२०० रुपये होतात. चौरस फुटाला ९०० रुपये. यात लोकर नाही, कातणे नाही, रंग नाही, धुणे-कातरणे नाही, वाहतूक नाही आणि दुकानदाराचा नफाही नाही.

आता असाच गालिचा कोणी चार हजारांना देऊ लागला तर काय समजावे? एक तर तो हाताने विणलेला नाही; किंवा ती मजुरी कोणाला तरी मिळालेली नाही. तिसरी शक्यता फार थोडी आहे. स्वस्ताई आकाशातून पडत नाही. ती कोणाच्या तरी ताटातून काढलेली असते.

७. मुलांचा प्रश्न

उत्तर प्रदेशात भदोही-मिर्झापूरचा पट्टा गालिच्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथे लहान मुलांना मागावर बसवण्याची वाईट प्रथा होती. गरीब आईबापांना उचल द्यावयाची, मुलाला घेऊन जावयाचे आणि उचल कधी फिटू द्यावयाची नाही. उसाच्या तोडीसाठी वा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांना ‘उचल’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. बारीक बोटांनी बारीक गाठ चांगली बसते, हा युक्तिवाद मालकमंडळी करीत. तो खोटा आहे. उत्तम गालिचे कसलेल्या प्रौढ विणकरांच्याच हातचे असतात. मूल स्वस्त असते आणि उलट बोलत नाही, हे त्याचे खरे कारण.

हे पाप फक्त भदोहीचे नव्हते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नेपाळातील तिबेटी पद्धतीच्या गालिच्यांना युरोपात, विशेषतः जर्मनीत, प्रचंड मागणी आली. कारखाने झपाट्याने वाढले आणि खेड्यांतील मुले त्यांत आणली गेली. निर्वासितांनी स्वाभिमानासाठी सुरू केलेला धंदा दुसऱ्यांच्या मुलांच्या गुलामीवर चालू लागला. पुढे १९९४ च्या सुमारास जर्मनीत याविषयी ओरड झाली आणि मागणी घसरली. बौद्ध नक्षी असली म्हणजे धंदा बौद्ध होत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

१९९४ मध्येच कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने भारतात ‘रगमार्क’ हे चिन्ह सुरू झाले. जो उत्पादक बालमजूर न ठेवण्याची हमी देईल आणि पूर्वसूचनेशिवाय तपासणी होऊ देईल, त्याच्याच गालिच्याला हे चिन्ह मिळे. २००९ पासून ते ‘गुडवीव्ह’ या नावाने ओळखले जाते. सत्यार्थी यांना २०१४ मध्ये मलाला युसूफझाई यांच्यासह नोबेल शांतता पारितोषिक मिळाले.

कायद्याची स्थितीही आपण जाणून घेतली पाहिजे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या आपल्या संविधानातील कलम २३ वेठबिगारीला मनाई करते, आणि कलम २४ चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई करते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. १९८६ च्या बालमजुरी कायद्यात गालिचा विणण्याचे काम मुलांसाठी वर्ज्य ठरले. पण कुटुंबाच्या घरच्या कामाला त्यातून सूट होती. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मनाई झाली. तरी शाळेच्या वेळेनंतर व सुटीत, धोक्याचे नसलेल्या घरच्या उद्योगात मदत करण्याची मुभा ठेवली गेली.

ही मुभा वाचताना महाप्रजापती गौतमींची तक्रार आठवावी. घरच्या मागावर मुलीला बसवले तर मजूर दिसत नाही, तपासणीस येत नाही आणि पुस्तक मात्र बंद होते. कायद्याची नजर घरात पोचत नाही तेथे आईबापांच्या शीलाची परीक्षा सुरू होते.

८. मालक आणि कामगार

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त आपल्याला परिचित आहे. त्यात मालकाची पाच कर्तव्ये आहेत: कुवत पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, चांगल्या पदार्थांत वाटा द्यावा आणि वेळेवर सुटी द्यावी. ही पाचही गालिच्याच्या कारखान्याला तंतोतंत लागू पडतात. कुवत पाहून काम म्हणजे मूल मागावर नको. वेतन म्हणजे चौरस फुटाचा असा दर, की आठ तासांत किमान मजुरी पदरात पडेल. शुश्रूषा म्हणजे धुळीपासून संरक्षण व औषधोपचार. वाटा म्हणजे नफा झाला तर त्यात विणकराचाही हक्क. सुटी म्हणजे ठरलेले तास. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी ज्यासाठी प्रयत्न केले आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांत आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आली, ती गोष्ट येथेच बसते.

कामगाराचीही कर्तव्ये त्याच सुत्तात आहेत. दिलेले तेवढेच घ्यावे आणि काम नीट करावे, ही त्यांतील दोन. फासे सैल घालून चौरस फूट लवकर भरणे, चांगल्या लोकरीत हलकी मिसळणे, हीही अदिन्नादानाचीच रूपे होत. परंतु पोटापुरते न देता कामगाराकडून शीलाची अपेक्षा करणे हे न्यायाला धरून नाही.

९. आपल्या वाशीम जिल्ह्यात काय करता येईल?

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. याच घराण्यातील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे संघाला दान दिले. दात्याचे व राजवंशाचे नाव तेथील शिलालेखात आहे. ज्यांनी तो डोंगर पोखरला, त्यांची नावे मात्र त्यात नाहीत. कारागिराचे नाव नाहीसे होण्याची ही रीत किती जुनी आहे, हे यावरून कळते.

आपल्या परिसरात धनगर बांधवांचे कळप फिरतात. दख्खनी मेंढीची लोकर राठ व बहुधा काळी असते. ती वर्षातून दोनदा कातरतात. पूर्वी तिच्या घोंगड्या होत. सणगर कारागीर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर त्या विणीत. घोंगडी होती म्हणून पावसात राखणीला जाणारा शेतकरी टिकत असे. आज गिरणीची ब्लँकेटे स्वस्त झाली आणि लोकरीचा भाव इतका पडला की अनेक ठिकाणी कातरण्याची मजुरीही निघत नाही. लोकर फेकून द्यावी लागते.

ही राठ लोकर मऊ उंची गालिच्याला तशीच चालणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या कामी राजस्थानातील बिकानेरकडची किंवा परदेशी लोकर मिसळतात. पण जाड आसने, बसकरे, पायपुसणी यांना दख्खनी लोकर उत्तम. महिला बचत गटांनी एकदम मोठ्या गालिच्याच्या मागे न लागता दीड फूट बाय दीड फुटाच्या आसनापासून आरंभ करावा. वरील हिशोबाने अशा आसनात ६० फाशांप्रमाणे १९,४४० फासे होतात. शिकणारीला आठवडा लागला तरी हरकत नाही. नोर्ग्येलिंगसारख्या वसाहतीला भेट देऊन माग प्रत्यक्ष पाहावा, आणि आपल्याकडील घोंगडी विणणाऱ्या वृद्ध कारागिरांनाही गुरू मानावे. एकाची सळई आणि दुसऱ्याची खळ, दोन्ही शिकण्यासारख्या आहेत. मात्र दुसऱ्याच्या पद्धतीने वस्तू केली तर ‘तिबेटी पद्धतीने वाशीम जिल्ह्यात केलेली’ असेच सांगावे. ‘तिबेटी’ म्हणून विकणे हा मुसावाद होय.

गटाने पहिल्याच दिवशी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: मजुरीचा दर सर्वांसमोर ठरेल, अठरा वर्षांखालील कोणीही मागावर बसणार नाही, आणि प्रत्येक आसनाच्या मागे, विणणारीची संमती असेल तर, तिचे नाव शिवले जाईल.

१०. खरेदी करताना

गालिचा उलटा करून पाहावा. हाताने विणलेल्या गालिच्याची नक्षी मागेही दिसते. चिकटवलेले कापड असेल तर तो विणलेला नाही. झालर ही ताण्याच्याच धाग्यांची असावी, वरून शिवलेली नसावी. एक तंतू जाळून पाहावा: लोकर केसासारखा वास देते व राख चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याची गाठ होते. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग निघतो का पाहावे.

मागची बाजू एवढेच सांगते की वस्तू हाताची आहे. तो हात कोणाचा, त्याला काय मिळाले, हे ती सांगत नाही. ते विचारावेच लागते. विक्रेत्याने सांगितले नाही तर घाई करू नये.

आणि घेतल्यावर जपावे. उन्हात झटकावा, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालावा, फाटला तर शिवावा. सहा वर्षांचा नियम आठवावा. कौशांबीच्या उदेन राजाने आनंदांना विचारले होते की इतक्या चीवरांचे तुम्ही काय करणार? आनंदांनी सांगितले की ती जीर्ण चीवराच्या भिक्खूंना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील, त्यांची पुढे गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकण्याचे फडके, आणि शेवटी ते कुटून मातीत मिसळून जमीन सारवण्यास वापरू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी तेवढीच चीवरे दिली. दुसऱ्याच्या श्रमाचा मान राखणे याहून वेगळे काय असते?

आमच्या विहारात अजून मोठा गालिचा आलेला नाही. वृद्धांपुरती काही जाड घोंगडी आसने घेतली, ज्यांची विणणारी माणसे आम्हाला ठाऊक आहेत. मोठ्या गालिच्यासाठी दरमहा थोडी वर्गणी बाजूला ठेवतो. वेळ लागेल, लागू द्या. ज्यावर बसून आपण करुणेचे प्रवचन ऐकणार, त्याच्याखाली कोणाचे बंद झालेले पुस्तक असू नये.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. पाच वर्ज्य व्यापार कोणते? गालिच्याचा धंदा त्यांत नसूनही सदोष कसा होऊ शकतो?

२. लोकर धुणे, रंगवणे व पिंजणे याविषयीचा विनयनियम कोणत्या प्रसंगी झाला? आजच्या घरगुती उद्योगाला तो कसा लागू पडतो?

३. चार फूट बाय सहा फूट, ८० फाशांच्या गालिच्यात एकूण फासे किती? आपल्या तालुक्यातील प्रचलित रोजमजुरीने विणण्याचा खर्च काढा.

४. मेंढीची लोकर वापरणे आणि मेंढी शेवटी खाटकाकडे जाणे यांचा परस्परसंबंध काय? दोन्ही बाजूंनी चर्चा करा.

५. आपल्या घरातील कोणतीही एक हाताने केलेली वस्तू घ्या आणि ती कोणी केली, याचा शोध घेऊन एक पान लिहा.

भवतु सब्ब मंगलं।